सरासरी वेग नेमका कोणत्या क्षणाचा असतो?

विहिरीच्या काठावरून दगड सोडला आणि मोजून दोन सेकंदांनी तो पाण्याला लागला. पाणी काठापासून किती खाली आहे? अकरावीत शिकणारा कोणीही चटकन सांगेल, १९.६ मीटर. आता पुढचा प्रश्न: पाण्याला लागताना दगडाचा वेग किती होता? इथे पुष्कळ वह्यांमध्ये १९.६ भागिले २, म्हणजे सेकंदाला ९.८ मीटर असे उत्तर लिहिलेले सापडते.

भागाकार बरोबर आहे, उत्तर चुकले आहे. पाण्याला लागताना दगडाचा वेग सेकंदाला १९.६ मीटर होता, म्हणजे बरोबर दुप्पट. मग हे ९.८ कुठून आले? तो या पडण्याचा सरासरी वेग आहे. आणि गंमत अशी की दगडाचा वेग खरोखरच एकदा ९.८ होऊन गेला होता. सुटल्यापासून बरोबर एक सेकंद झाला तेव्हा, म्हणजे एकूण वेळेच्या ऐन मध्यावर. हा योगायोग नाही. त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, स्थिर असेल तर दर वेळी असेच होते, आणि ही एक गोष्ट नीट कळली की गतीच्या प्रकरणातली निम्मी सूत्रे पाठ करायची गरज उरत नाही.

(खऱ्या विहिरीवर हा प्रयोग करणाऱ्यांसाठी: कानावर येणाऱ्या 'डुबुक' आवाजालाही वर यायला वेळ लागतो. आवाज ऐकू येईपर्यंत दोन सेकंद झाले असतील, तर पाणी १९.६ नव्हे, साधारण १८.५ मीटरवर असते. एका मीटरहून थोडा जास्त फरक पडतो.)

आधी दोन शब्द स्पष्ट करून घेऊ

सरासरी वेग म्हणजे एकूण विस्थापन (सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचे सरळ अंतर, दिशेसह) भागिले एकूण वेळ. यात वाटेत काय काय घडले त्याचा पत्ताच लागत नाही. गाडी मध्येच थांबली, जोरात पळाली, पुन्हा रेंगाळली, सरासरीला फक्त सुरुवात, शेवट आणि मधला काळ दिसतो.

'विस्थापन' हा शब्दही नुसता जड मराठीसाठी घातलेला नाही. पुण्याहून साताऱ्याला ताशी ६० किलोमीटरने गेलात आणि त्याच रस्त्याने ताशी ४० ने परत आलात, तर तुमची सरासरी चाल, म्हणजे कापलेले एकूण अंतर भागिले एकूण वेळ, ताशी ४८ किलोमीटर होते आणि सरासरी वेग शून्य होतो, कारण निघालात तिथेच पोचलात. चाल ५० का नाही? कारण ताशी ४० ने तुम्ही जास्त वेळ चालवलेत, त्यामुळे त्या आकड्याचे वजन जास्त पडले. सरासरी काढताना वेळ बोलते, अंतर नाही. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे ब्रेकच्या उदाहरणात त्याची गरज लागणार आहे.

तात्क्षणिक वेग म्हणजे त्या त्या क्षणाचा वेग, गाडीच्या स्पीडोमीटरचा काटा दाखवतो तसा. इथे एक अडचण येते. एका क्षणात वेळ शून्य जातो आणि अंतरही शून्य कापले जाते. शून्याला शून्याने भागायचे कसे? भागायचे नाही. त्या क्षणाभोवतीचा वेळ लहान लहान करत न्यायचा आणि सरासरी कुठल्या आकड्याकडे सरकते ते बघायचे.

आपलाच दगड घेऊ. सुटल्यापासूनचे अंतर म्हणजे ४.९ गुणिले वेळेचा वर्ग. एक सेकंदाच्या क्षणाचा वेग हवा आहे. १ ते २ सेकंद या काळाची सरासरी १४.७ येते. १ ते १.१ सेकंद घेतले तर १०.२९. १ ते १.०१ घेतले तर ९.८४९. १ ते १.००१ घेतले तर ९.८०४९. आकडा ९.८ च्या जवळ जवळ येतो आहे, आणि वेळ जितका छोटा कराल तितका तो आणखी जवळ जाईल. हाच त्या क्षणाचा वेग. कलनशास्त्राची (कॅल्क्युलसची) सुरुवात याच खेळातून होते.

आता खिडकी दोन्ही बाजूंना सारखी उघडा

वर आपण एक सेकंदापासून फक्त पुढे गेलो. त्याऐवजी मागे आणि पुढे सारखेच गेलो तर? ०.९ ते १.१ सेकंद घ्या. १.१ चा वर्ग १.२१, ०.९ चा वर्ग ०.८१, फरक ०.४. त्याला ४.९ ने गुणले की १.९६ मीटर. वेळ ०.२ सेकंद. भागाकार ९.८. जवळपास वगैरे नाही, बरोबर ९.८.

०.५ ते १.५ सेकंद घेऊन पाहा. वर्गांचा फरक २.२५ वजा ०.२५, म्हणजे २. अंतर ९.८ मीटर, वेळ एक सेकंद, वेग ९.८. थेट ० ते २ घ्या, पुन्हा ९.८. मघाशी खिडकी, म्हणजे सरासरीसाठी निवडलेला काळ, बारीक बारीक करत जे उत्तर गाठावे लागत होते, ते इथे भल्या मोठ्या खिडकीतूनही नेमके मिळाले. अट एकच: आपल्याला हवा तो क्षण खिडकीच्या बरोबर मध्यभागी असला पाहिजे.

कारण अगदी साधे आहे. त्वरण स्थिर म्हणजे प्रत्येक सेकंदाला वेग सारखाच वाढतो. मधल्या क्षणाच्या आधी वेग जितका कमी होता, तितकाच तो नंतर जास्त होतो. आधीची तूट आणि नंतरची वाढ एकमेकींना पूर्ण फेडतात आणि मधल्या क्षणाचा वेग हाच सरासरी म्हणून उरतो.

आलेख काढून पाहिला तर हे आणखी लख्ख दिसते. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वेग. स्थिर त्वरणासाठी तिरपी सरळ रेषा येते आणि तिच्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर. आकृती समलंब चौकोनाची असते. रेषेच्या मध्यबिंदूतून एक आडवी रेघ मारा. उजवीकडे रेघेच्या वर जो त्रिकोण उरतो तो कापून डावीकडच्या रिकाम्या कोपऱ्यात ठेवा. तो चपखल बसतो आणि समलंबाचा आयत होतो. आयताची उंची म्हणजे मधल्या क्षणाचा वेग. सुरुवातीचा आणि शेवटचा वेग मिळवून दोनाने भागायचे सूत्र म्हणजे हीच उंची, दुसरे काही नाही.

हा विचार गॅलिलिओच्याही आधीचा आहे. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या अभ्यासकांनी तो शब्दांत मांडला होता आणि त्याच शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेम यांनी त्याला आकृतीचे रूप दिले. मात्र पडणाऱ्या वस्तूला तो लागू पडतो हे सप्रयोग मांडले गॅलिलिओने, १६३८ साली छापलेल्या ग्रंथात. बारा हात लांबीच्या लाकडी तुळईत बोटभर रुंदीची खाच, खाचेला आतून गुळगुळीत चर्मपत्र, त्यावरून सोडलेली कांस्य धातूची गोल गुळगुळीत गोळी आणि वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेने पडणारे पाणी. जमलेले पाणी तोलायचे, वजन म्हणजेच वेळ. पूर्ण उतार उतरायला जितका वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळात गोळी पाव अंतरच उतरते, हे त्याने पुन्हा पुन्हा मोजून पाहिले.

'निम्म्या वेळात पाव अंतर' यावर जरा थांबा. निम्मा वेळ झाला तेव्हा निम्मे अंतर झालेले नसते. म्हणजे मधला क्षण आणि मधली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मधला क्षण वेगळा, मधली जागा वेगळी

या विषयात सर्वांत जास्त चुका इथेच होतात, आणि रस्त्यावर या चुकीची किंमत मोठी असते, म्हणून जरा सविस्तर पाहू.

गाडी ताशी १०० किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. कोरडा रस्ता आणि चांगले टायर आहेत, करकचून ब्रेक दाबला आणि वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंद या दराने उतरू लागला असे धरू. थांबायला लागणारा वेळ २७.८ भागिले ७, म्हणजे चार सेकंदांना किंचित कमी. सरासरी वेग निम्मा, १३.९. अंतर साधारण ५५ मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंत गेलेला वेळ यात धरलेला नाही. त्यात एक सेकंद गेला तर आणखी २८ मीटर वाढवा.

आता विचारा: ५५ पैकी निम्मे, म्हणजे साडेसत्तावीस मीटर अंतर गेले तेव्हा गाडी किती वेगात होती? मन म्हणते, निम्मे अंतर म्हणजे निम्मा वेग, ताशी ५०. प्रत्यक्षात ती ताशी ७१ किलोमीटरने धावत असते.

वेग ताशी ५० वर येतो तो निम्म्या वेळेला, दोन सेकंदांनी. तोवर ४१ मीटर, म्हणजे पाऊण अंतर संपलेले असते. उरलेल्या दोन सेकंदांत गाडी फक्त १४ मीटर जाते. सुरुवातीला वेग जास्त असल्यामुळे अंतराचा मोठा घास पहिल्या काही क्षणांतच गिळला जातो. मधल्या जागेचा वेग काढायचा असेल तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगांचे वर्ग करायचे, त्यांची सरासरी घ्यायची आणि मग वर्गमूळ काढायचे. इथे १०० चा वर्ग दहा हजार, निम्मे पाच हजार, वर्गमूळ सुमारे ७१. वेग वाढत असो की कमी होत असो, मधल्या जागेचा वेग मधल्या क्षणाच्या वेगापेक्षा नेहमी जास्तच भरतो.

याच हिशेबाचे दुसरे रूप पाहा. दोन गाड्या शेजारी शेजारी आहेत, एक ताशी ६० वर, दुसरी ताशी ८० वर. समोर अडथळा दिसला आणि दोघींनी एकाच रेषेवर, सारख्याच जोराने ब्रेक लावला. ६० ची गाडी अडथळ्याला टेकता टेकता थांबली. त्याच जागी ८० ची गाडी किती वेगाने आदळेल? ८० वजा ६०, म्हणजे २० नव्हे. ६,४०० वजा ३,६०० म्हणजे २,८००, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ५३. ताशी ५३ किलोमीटर! ब्रेकमुळे सारख्या अंतरात वेगाचा वर्ग सारखा कमी होतो, वेग नाही.

'एन'व्या सेकंदाचे सूत्र

अकरावीत एक सूत्र घोकून घेतात: 'एन'व्या, म्हणजे अमुकाव्या, सेकंदात कापलेले अंतर म्हणजे सुरुवातीचा वेग, अधिक त्वरणाची निमपट गुणिले कंसात दोन एन वजा एक. ते कुठून आले हे फारसे कोणी सांगत नाही, आणि मापनाची एकके जुळत नाहीत म्हणून विचारी विद्यार्थी हैराण होतात.

सातवा सेकंद म्हणजे ६ ते ७ या दरम्यानचा काळ. त्याचा मधला क्षण ६.५. त्या क्षणाचा वेग म्हणजे सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले ६.५. हाच त्या सेकंदाचा सरासरी वेग. काळ एकच सेकंद असल्याने अंतराचा आकडाही तोच. त्या सूत्रात लपून बसलेला 'गुणिले एक सेकंद' लिहिला की एककेही जुळतात. स्थिर अवस्थेतून सुटलेल्या वस्तूने लागोपाठच्या सेकंदांत कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात का असतात, तेही यातूनच कळते. मधले क्षण ०.५, १.५, २.५, ३.५ असे येतात, बस्स.

मोबाइलवर स्वतः मोजून पाहा

लागणारे साहित्य: एक स्टीलची गोळी किंवा क्रिकेटचा चेंडू, भिंतीला सरळ लटकवलेली मेजरिंग टेप आणि सेकंदाला ६० फ्रेम घेणारा मोबाइल. चेंडू टेपला जवळजवळ खेटून सोडायचा आणि व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत चेंडूच्या खालच्या कडेची जागा वाचायची. दर सहा फ्रेमना ०.१ सेकंद होतो.

चेंडू बरोबर एखाद्या फ्रेमवर सुटला तर वाचने ०, ४.९, १९.६, ४४.१, ७८.४ आणि १२२.५ सेंटीमीटरच्या आसपास येतील. लागोपाठची अंतरे ४.९, १४.७, २४.५, ३४.३, ४४.१. प्रत्येकाला ०.१ ने भागून मीटरमध्ये आणले की वेग ०.४९, १.४७, २.४५, ३.४३, ४.४१. दर वेळी ०.९८ ची वाढ, आणि तीही ०.१ सेकंदात. म्हणजे त्वरण ९.८.

आता आलेख काढताना हे वेग कोणत्या वेळेसमोर मांडायचे? ०.०५, ०.१५, ०.२५ अशा मधल्या क्षणांसमोर. सवयीने ते ०.१, ०.२, ०.३ समोर मांडले जातात. तसे केले तर रेषेचा चढ बरोबरच येतो, त्वरणही ९.८ निघते, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण रेषा मागे वाढवली की शून्य वेळेला वेग उणे ०.४९ दिसतो, म्हणजे सुटायच्या क्षणी चेंडू वर जात होता! असा अर्धा टप्पा सरकलेला आलेख दिसला की वेळ चुकीच्या टोकाला लिहिली आहे हे ओळखावे. 'ट्रॅकर' हे व्हिडिओवरून गती मोजणारे मोफत सॉफ्टवेअर एखाद्या फ्रेमचा वेग काढताना मागची आणि पुढची फ्रेम घेते, ते याच कारणासाठी.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे चेंडू नेमका कधी सुटला हे कळायची गरज नाही. बोटांतून सुटण्याचा क्षण दोन फ्रेमच्या मध्ये कुठेतरी असतो. 'दुप्पट अंतर भागिले वेळेचा वर्ग' असा थेट हिशेब केला तर एक मीटरच्या पडण्यात एका फ्रेमची चूकसुद्धा उत्तर सात टक्क्यांनी हलवते. लागोपाठच्या वेगांचा फरक घेतला की सुरुवात कुठेही असली तरी चालते.

उत्तर तरीही बिघडले तर या जागा तपासा. चेंडू भिंतीपासून २० सेंटीमीटर पुढे आणि मोबाइल चेंडूपासून दोन मीटरवर असेल, तर चेंडूने कापलेला एक मीटर मागच्या टेपवर १.१ मीटर दिसतो आणि उत्तर ९.८ ऐवजी १०.८ येते. घरातल्या मंद उजेडात चेंडूची जागा लांब पट्ट्यासारखी दिसते. सेकंदाला चार मीटर वेग असताना सेकंदाचा साठावा भाग शटर उघडे राहिले, तर हा पट्टा जवळपास सात सेंटीमीटरचा होतो. म्हणून अंगणात, भरउन्हात चित्रण करावे. कमी उजेडात काही मोबाइल परस्पर फ्रेमची संख्याही कमी करतात. दुसऱ्या मोबाइलवरचे स्टॉपवॉच पाच सेकंद चित्रित करून फ्रेम मोजल्या की ते उघडे पडते. आणि स्लो मोशनमध्ये २४० फ्रेमने घेतलेली फाइल ३० ने चालत असेल, तर पडद्यावरचा वेळ आठपट ताणलेला असतो. तो तसाच हिशेबात घेतला तर वेग आठपट कमी आणि त्वरण चौसष्टपट कमी, ०.१५ च्या आसपास निघते.

टेबल टेनिसचा चेंडू मात्र घेऊ नका. हलक्या चेंडूला हवा इतकी अडवते की मीटरभरातच त्वरण उतरू लागते. मग हे सगळे गणितच त्याला लागू होत नाही.

त्वरण स्थिर नसेल तर

हीच खरी मर्यादा आहे. सुरुवातीचा आणि शेवटचा वेग मिळवून दोनाने भागणे हे फक्त स्थिर त्वरणालाच चालते, आणि खरी वाहने तशी क्वचितच धावतात. मोटार पहिल्या गिअरमध्ये जोमाने वेग घेते, वरच्या गिअरला तोच जोम राहत नाही. लोकलही स्टेशनातून झपाट्याने सुटते आणि वेग वाढेल तशी तिची ओढ मंदावते.

समजा गाडी शून्यावरून ताशी १०० वर १२ सेकंदांत पोचते. सरासरी ताशी ५० धरली तर अंतर १६७ मीटर. पण पहिल्या चार सेकंदांतच तिने ताशी ५० गाठले असेल आणि पुढच्या ५० साठी आठ सेकंद घेतले असतील तर? अशा वेळी प्रवासाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यापुरते त्वरण स्थिर धरा. पहिला तुकडा: सरासरी ताशी २५, चार सेकंद, २८ मीटर. दुसरा: सरासरी ताशी ७५, आठ सेकंद, १६७ मीटर. एकूण जवळपास १९५ मीटर, आणि पूर्ण प्रवासाची सरासरी ताशी ५८. मधल्या क्षणी, म्हणजे सहाव्या सेकंदाला, काटा साडेबासष्टवर होता. सरासरी आणि मधला क्षण यांची सांगड इथे तुटली. दोन्ही तुकड्यांच्या आत मात्र ती शाबूत आहे: दुसऱ्या सेकंदाला काटा २५ वर होता, आठव्याला ७५ वर.